शिळं ऊन, ताजं ऊन

गेल्या वर्षी आमच्या गच्चीवर सौर ऊर्जेच्या पाट्या बसल्या. बसवणाऱ्या माणसाने जाताना मला सूचना दिल्या. धूळ साचू द्यायची नाही, मऊ कपड्याने पुसायचं, "और दूसरा कुछ मत लगाना, माताजी." मी विचारलं, "शेणसुद्धा नाही?" त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या सुनेकडे, आणि हत्यारांची पिशवी उचलून तो जिना उतरला. म्हातारीचं डोकं फिरलंय असं त्याला वाटलं असणार. वाटू दे. उन्हावर चालणाऱ्या यंत्राला शेण लावलेलं मी याच गावात, याच डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्या शेणाचे आमच्या घरावर उपकार आहेत.

नातवंडांना आता शाळेत सौर ऊर्जा आहे. उन्हाची वीज कशी होते, असं ती मला विचारतात. विजेचं मला फारसं कळत नाही. उन्हाचा वरणभात कसा होतो ते मात्र मला नीट ठाऊक आहे, कारण मी त्यावर वाढले.

ती राज्यं जोडायची आणि तोडायची वर्षं होती. आमची राजधानी नागपूर होती, ती उचलून भोपाळला नेली. आम्ही होतो तिथेच राहिलो. तापी तिथेच, केळीचे मळे तिथेच, नेपानगरला जाणारी गाडी त्याच चांदणी स्टेशनावर थांबायची. पण गल्लीतली मोठी माणसं संध्याकाळी ओट्यावर बसून आपण आता नेमके कोण झालो यावर तावातावाने भांडायची. माझे वडील नगरपालिकेच्या शाळेत मास्तर होते. तेही भांडायचे. आईला त्यात काडीचा रस नव्हता, कारण तिचे डोळे जात होते.

आमच्याकडे जळण म्हणजे पऱ्हाट्या, कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. पेटतात चटकन, पण धूर असा करतात की स्वयंपाकघरात माणूस हाका मारून शोधावा लागतो. रॉकेल मिळायची मारामार, आणि स्टोव्ह फुटेल या भीतीने आई त्याच्या जवळही जायची नाही. डॉक्टरांनी तिच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि वडिलांना म्हणाले, "धूर बंद. काजळ बंद. नाहीतर पुढच्या दिवाळीला यांना पणत्या दिसणार नाहीत." त्याच आठवड्यात मी शाळेतून आले, दारात उभी राहिले, आणि आईने माझ्याकडे तोंड करून विचारलं, "कोण गं?" मी दप्तर टाकलं आणि मागच्या अंगणात जाऊन रडले. आपली आई आपल्याला कोण म्हणून विचारते, याची भीती वाटण्याइतकी मी मोठी होते.

वडिलांनी मग स्वतः चूल हातात घेतली. पहिल्या दिवशी वरण इतकं लागलं की त्याची पातेल्यातून वडी निघाली, आणि ती त्यांनी आम्हाला विज्ञान समजावत वाढली. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा चुलीपुढे जाऊन बसली.

अशात शाळेच्या मैदानावर सरकारी प्रदर्शन आलं. नव्या भारताची यंत्रं, नवी बियाणी, नवे संडास. सगळ्यात शेवटी एक सूर्यचूल होती. चकचकीत पत्र्याची मोठी परात लोखंडी पायांवर आभाळाकडे तोंड करून उभी, आणि तिच्या पुढ्यात भांडं ठेवायला एक कडी. प्रदर्शनवाल्या साहेबांनी त्यात पाणी उकळून दाखवलं. गर्दीने टाळ्या वाजवल्या आणि ती संडास बघायला निघून गेली. वडील तिथेच राहिले. दुपारभर त्या परातीपुढे उभे राहून ते घरी आले तेव्हा त्यांचं नाक भाजून लाल झालं होतं.

प्रदर्शन नागपूरहून निघालं होतं, पण परत जायच्या वेळी नागपूर आमचं उरलं नव्हतं. सामान तिकडे न्यायचं की भोपाळला, हे साहेबांना कुणी सांगेना. बियाणी कोंबड्यांनी खाल्ली, संडास कुणीतरी वापरायला सुरुवात केली. साहेबांची चांगलीच पंचाईत झाली. वडील म्हणाले, सूर्यचूल मी सांभाळतो, हुकूम आला की घेऊन जा. साहेबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. अशा रीतीने ज्या चुलीला राज्य उरलं नव्हतं, ती घोंगडीत गुंडाळून हातगाडीवरून आमच्या गच्चीवर आली.

शेजारची मावशी कठड्यावरून बघत होती. गल्लीतल्या सगळ्यांची ती मावशी, आणि तिच्या जिभेला सगळी गल्ली टरकून असे. "काय वो मास्तर, हे काय आनलं? सूर्यनारायनाले आता तुमच्या घरी पोळ्या लाटाले लावता का?" वडिलांनी तिला समजवायला घेतलं. ऊन कडक होतं म्हणून एका हातात छत्री धरली होती आणि दुसऱ्या हाताने ते दाखवत होते, हे बघा, सगळं ऊन इथे, या कडीपाशी गोळा होतं. दाखवता दाखवता छत्रीचं टोक कडीपाशी गेलं. आधी धूर आला, मग भोक, मग ज्वाळा. मावशी म्हणाली, "समजलं." आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी अख्खा वर्ग गच्चीवर आणला. प्रत्येकाने घरून आरसा आणायचा होता. कुणी दाढीचा आणला, कुणी आईच्या करंड्यातला कुंकवाचा, एका मुलीने तर कपाटाचं दारच आणायचा प्रयत्न केला होता. सावलीतल्या भिंतीवर वडिलांनी खडूने एक गोल काढला. "एकाने कवडसा पाडा." पडला. "हात लावा. गरम?" नव्हता. "आता दुसरा. तिसरा. आता सगळे." आमचे कवडसे भिंतीवर धक्काबुक्की करत त्या गोलात शिरले. वडिलांनी मला हात लावायला सांगितलं. मी लावला आणि ओरडून काढून घेतला.

"ऊन वाढलं का?" वडिलांनी विचारलं. "नाही. गावात होतं तेवढंच आहे. फक्त ते पसरलेलं होतं, तुम्ही एका जागी बोलावलं. ही परात म्हणजे तुमच्यासारखी पुष्कळ पोरं, पण न ढकलाढकली करणारी."

मग त्यांनी एक पऱ्हाटी उचलली. हे झाड वाढलं कशावर? पानांनी ऊन खाल्लं म्हणून. केळं गोड कशानं झालं? उन्हानं. म्हणजे या काडीत गेल्या वर्षीचं ऊन भरून ठेवलेलं आहे. चुलीत आपण तेच जाळतो. "पण ते आहे शिळं ऊन, म्हणून धूर होतो. ही परात ताजं ऊन वापरते, म्हणून हिला धूर नाही." आम्हाला ते लगेच पटलं. कठड्यापलीकडे मावशी गव्हाच्या कुरडया वाळत घालत होती. ती मान वर करून म्हणाली, "मी सत्तर वर्सं ताजंच वापरते. परात नव्हती इतकंच." वडील खूश झाले. पहिल्यांदाच तिला त्यांचं म्हणणं कळलं होतं, आणि याचा त्यांना पुढे पस्तावा झाला.

आता स्वयंपाक सुरू झाला, पण भात होईना. सकाळी चढवलेलं पातेलं दुपारी कोमट. वडिलांनी परात फिरवून पाहिली, सूर्य सरकतो तशी तीही सरकवावी लागते, ते तर त्यांना ठाऊकच होतं. शाळेच्या मधल्या सुट्टीत ते पळत घरी येऊन परात वळवायचे आणि पळत परत जायचे. तरी भात कच्चाच. शेवटी त्यांच्या लक्षात आलं. पातेलं खालून काळं हवं. काळा रंग ऊन गिळतो, चकचकीत भांडं ऊन परत पाठवतं. वडील रोज पातेल्याचं बूड काजळीने काळं करायचे आणि आई रोज संध्याकाळी राख आणि चिंच लावून ते आरशासारखं घासून ठेवायची. तिचे डोळे अधू झाले होते, पण भांडं काळं राहिलं तर बोटांना कळायचं.

"अगं, घासू नकोस ते!" वडील म्हणाले.

"अहो, काळं भांडं गच्चीवर ठेवू? सगळ्या गल्लीला दिसंल. माझ्या माहेरी कळलं तर?"

काळं भांडं म्हणजे बाईची अब्रू गेली, हे आमच्याकडे शाळेत न जाताही सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे रोज सकाळी माझे वडील, विज्ञानाचे मास्तर, अंगणात पऱ्हाट्या पेटवून त्या धुरावर पातेलं धरून बसायचे, आईला धूर लागू नये म्हणून. आठवड्याभरात त्यांचेच डोळे लाल झाले. डॉक्टरांनी त्यांना रस्त्यात थांबवून विचारलं, आता तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?

तोड आईनेच काढली. डॉक्टरांनी काजळ बंद केल्यापासून तिची काजळाची डबी देवळीत तशीच पडून होती. तांब्याच्या ताटलीखाली तुपाचा दिवा लावून तिने स्वतः धरलेलं काजळ. एका सकाळी तिने ती डबी उघडली आणि बोटाने पातेल्याच्या बुडाला काजळ लावलं, आधी मधोमध, मग सावकाश सगळीकडे, जसं ती मला लावायची तसं. "काजळ लावलेलं भांडं मळकं नसतं," ती म्हणाली, "ते नटलेलं असतं." त्या दिवशी भात शिजला. सुटासुटा, मऊ, आणि धुराचा वास नसलेला. वडील पहिला घास घेऊन रडले आणि म्हणाले मीठ कमी आहे.

मग घराची घडी बसली, वेडीवाकडी का होईना. सूर्य मावळायच्या आत जेवावं लागायचं, त्यामुळे आम्ही जैन झाल्याची बातमी गल्लीत पसरली. परातीची चमक डोळ्यांना वाईट म्हणून डॉक्टरांनी आईला काळा चष्मा दिला. डोक्यावर पदर, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात डाव, अशी ती गच्चीवर उभी राहिली की रस्त्यावरची पोरं सलाम ठोकायची. भाकरी काही त्या परातीत जमेना. मावशी आपल्या चुलीवर आमच्याही भाकऱ्या थापायची आणि बदल्यात तिची डाळ आमच्या उन्हावर शिजायची. डाळ पातळ झाली तर ती सूर्याला नाही, माझ्या वडिलांना बोलायची.

आणि आईचे डोळे निवळू लागले. आधी लाली गेली, मग पाणी थांबलं. एक दिवस तिने तांदळातला खडा स्वतः वेचून काढला आणि तो आम्हाला सगळ्यांना दाखवत फिरली. लांबचं मात्र अजून नीट दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा, पावसाळ्यापर्यंत धूर लागता कामा नये.

नेमकं तेव्हाच हेडमास्तरांनी वडिलांना सांगितलं की प्रदर्शनाचं सामान गोळा करायला भोपाळहून माणूस येणार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी. वडील घरी येऊन गच्चीवर परातीजवळ बसून राहिले. चूल आपली नाही हे ते विसरलेच होते. आम्ही सगळेच विसरलो होतो.

त्यात होळीनंतरची शीतला सप्तमी आली. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, चूल थंड करून सारवायची, तिला हळदकुंकू वाहायचं आणि सप्तमीला शिळं खायचं. शीतलामाता डोळ्यांची आणि लेकरांची राखण करते, म्हणून आईने या वेळी नवस केला होता. प्रश्न असा पडला की सूर्यचूल ही चूल आहे का. आदल्या सकाळी सगळी गल्ली आमच्या गच्चीवर जमली.

"ही चूल नाही," वडील म्हणाले. "हिच्यात विस्तवच नाही."

"मंग तुमची छत्री कशानं जळली?" मावशीने विचारलं.

वडिलांनी आभाळाकडे बोट केलं. म्हणाले, "पण सूर्य तर उद्याही उगवणार. तो कसा विझवणार?"

"त्याचं तो पाहीन. आन् मास्तर, तुमीच पोरायले शिकवलं ना, पऱ्हाटीत शिळं ऊन ऱ्हाते, परातीत ताजं. उद्या शिळं खावाचा दिवस. शिळ्या उन्हाची चूल बी पेटत नाही त्या दिवशी, मंग ताज्या उन्हाची कशी चालन?"

या बोलण्यात काहीतरी चुकतंय हे वडिलांना कळत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. शोधत शोधतच ते शाळेत गेले. उद्या परात झाकून ठेवू, एवढं मात्र सगळ्यांनी मान्य केलं.

दुपारी आई डोळ्यांवर गुलाबपाण्याची घडी ठेवून आत पडली होती. मावशीला वाटलं, मास्तरणीच्या डोळ्यांचा नवस, तिला कशाला वाकायला लावायचं, आपणच तिची चूल करून टाकू. दोघी-तिघींना घेऊन ती वर गेली. शेण आणि पांढरी माती कालवून त्यांनी ती चकचकीत परात काठापासून तळापर्यंत नीट, हात फिरवत, एकही भेग न ठेवता सारवली. मध्ये हळदकुंकवाची बोटं ओढली. चारी पायांना दोरा बांधला. मी आणि वडील एकदमच शाळेतून आलो आणि जिन्याच्या तोंडाशी थांबलो. इतकी सुबक सारवलेली चूल मी आजवर पाहिलेली नाही. मावशी हात धूत म्हणाली, "घ्या. आता शोभते."

वडील तसेच जिना उतरले. सप्तमी झाल्यावर पोपडे काढायला हवे होते. तेही मावशीनेच मनावर घेतलं. राख आणि नारळाचा काथ्या घेऊन तिने परात घासली, जशी गल्लीतली कुठलीही बाई घासेल तशी, जीव लावून. पत्र्यावर इतके ओरखडे उठले की त्यात तोंड दिसेना. ऊन त्यात पडायचं आणि तिथेच मरायचं. संध्याकाळपर्यंत पाण्याला आधणसुद्धा आलं नाही. दुसऱ्या सकाळी आईने पदर खोचला आणि पऱ्हाट्या पेटवल्या. आठवडा उलटायच्या आत तिचे डोळे पुन्हा लाल झाले. मला मावशीचा इतका राग आला होता की तिची भाकरी मी कुत्र्याला घातली.

मावशीने ते पाहिलं. ती मला काही बोलली नाही, आणि ही गोष्ट तिच्या आयुष्यात फार वेळा घडलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या गच्चीवर आली आणि पदराखालून आरसा काढला. तिच्या लग्नातला, पितळी चौकटीचा. "मास्तर, तुमी पोरायच्या हातात आरसे देले होते ना? भिताडावर चटका लागला होता. मंग या परातीले आरसेच लावा."

वडील उठले. तो आरसा त्यांनी तारेने परातीला बांधला. दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली आणि आरसे यायला लागले. ज्यांनी सारवलं होतं त्यांचे आधी, मग बाकीच्यांचे. दाढीचे, करंड्यातले, फुटून कोपरे उरलेले, एका सायकलवाल्याने हँडलचा काढून दिला. वडिलांनी कडीत काळी पाटी बसवली आणि वर्गातली सगळी पोरं परातीभोवती उभी केली. प्रत्येकाने आपला आरसा वाकवत वाकवत कवडसा पाटीवर आणायचा आणि मग तार आवळायची. संध्याकाळी ती परात म्हणजे एक भयंकर प्रकार झाला होता, पण दुसऱ्या दिवशी तिच्यात भात शिजला. नंतर कितीतरी दिवस आमच्या गल्लीतले पुरुष अर्धवट दाढी करून कामावर जात होते.

उन्हाळा तापला आणि भोपाळचा माणूस आला. माणूस तोच, प्रदर्शनवाले साहेब, फक्त आता भोपाळहून आले होते. वडील त्यांना गच्चीवर घेऊन गेले. आई काळा चष्मा लावून कठड्यापाशी उभी होती. तिने पदराचं टोक मुठीत धरलेलं मला दिसत होतं. साहेबांनी परातीला एक फेरी मारली. एका आरशात त्यांची मिशी दिसली, दुसऱ्यात कान. काठाला अजून शेण होतं.

"यह हमारा नहीं है," साहेब म्हणाले.

माझे वडील प्रामाणिक माणूस. ते गप्प बसते तर बरं. "नहीं साहब, यही है! आपही का है! पाय बघा, पायावर तुमच्या खात्याचा रंग आहे!"

"मास्टरजी, हमारा चूल्हा चमकता था. उसमें गोबर नहीं था."

वडील हट्टाला पेटले. सरकारी वस्तू सरकारला परत करायचीच म्हणून त्यांनी काकुळतीला येऊन हे सारवण कसं झालं, ते आरसे कसे आले, सगळं सांगितलं. ते जितकं सांगत गेले तितका साहेबांचा विश्वास उडत गेला. शेवटी कठड्यावरून मावशी कडाडली, "वो मास्तर! साहेब नाही म्हन्तात ना? साहेबाले जास्त कळते का तुमाले?" साहेबांनी तिला नमस्कार केला. मग म्हणाले की राज्यांच्या या उलथापालथीत पुष्कळ काही हरवलं, त्यात एक चूल. तेवढ्यात त्यांना पातेल्यातल्या डाळीचा वास आला आणि ते जेवायला बसले.

आईने मला जिलेबी आणायला पिटाळलं. मावा जिलेबी, गरम, पानात बांधलेली. परत येताना गल्लीच्या तोंडाशी मी थांबले. तिथून आमचं घर चांगलंच लांब, गच्चीवरची माणसं ओळखू येत नाहीत एवढं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पुडा उघडला आणि एक जिलेबी तोंडात कोंबली.

"अगं ए!" गच्चीवरून आवाज आला. "पाहुण्याची जिलेबी खाते का? आन् वेणी कशी सुटली ती?"

मी वर पाहिलं. आईने चष्मा काढून हातात धरला होता आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती. तोंडात जिलेबी, हाताला पाक, आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून भोकाड पसरलं. तिला वाटलं, बोलणं लागलं. ती वरून ओरडत राहिली, रडू नको, खा, अजून एक खा.

मला तिने पुन्हा कधी "कोण गं?" असं विचारलं नाही.